उतरलेलं वजन पुन्हा का चढतं, आणि ते थोपवायचं कसं

माझ्या ताईचं वजन ८२ किलोवरून ६८ वर आलं तेव्हा घरात पेढे वाटायचेच काय ते बाकी होते. नऊ महिने तिने रात्रीचं जेवण सातला उरकलं, ऑफिसातल्या वाढदिवसांचे केक हात जोडून परत केले, पहाटे उठून टेकडी चढली. वजन कमी करण्याच्या ज्या सेंटरमध्ये ती जात होती, तिथे तिचा ‘आधी’ आणि ‘नंतर’चा फोटो भिंतीवर लागला. त्याच आठवड्यात तिचं पॅकेज संपलं. पुढे काय, हे तिला कोणी सांगितलं नाही. ‘असंच चालू ठेवा’ एवढंच. दोन वर्षांनी काटा ७९ वर होता.

नातेवाइकांचं निदान तयार होतं: जिभेवर ताबा राहिला नाही. ताईलाही तेच पटलं होतं, आणि मला सगळ्यात जास्त वाईट त्याचं वाटलं. कारण वजन परत येताना शरीरात काय घडतं, हे गेल्या तीसेक वर्षांत संशोधकांनी बरंच उलगडलं आहे. त्यात जिभेचा दोष लोक समजतात त्यापेक्षा फार कमी आहे. वजन उतरवणं हे एक काम आणि उतरलेलं वजन राखणं हे दुसरं. पहिल्याला मुदत असते, दुसऱ्याला नसते. पहिल्यासाठी सल्ल्यांची कमतरता कधीच नव्हती; काही वर्षांपूर्वी आपल्याकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर ‘दीक्षित की दिवेकर’, म्हणजे दिवसातून दोनदाच जेवायचं की थोडं थोडं वारंवार खायचं, हा वाद किती रंगला होता ते आठवा. पण वजन उतरल्यानंतरच्या दुसऱ्या, तिसऱ्या, पाचव्या वर्षी काय करायचं, हे त्या वादात क्वचितच कोणी विचारलं. हा लेख त्या दुसऱ्या कामाबद्दल आहे.

ताईसारखं किती जणांचं होतं? अमेरिकेतल्या २९ अभ्यासांचे आकडे २००१ साली एकत्र करून पाहिले गेले. आहारात कपात करून वजन उतरवलेल्या लोकांकडे पाच वर्षांनी, उतरलेल्या वजनाचा सरासरी एक चतुर्थांशाहूनही कमी भाग टिकला होता. दहा किलो उतरले असतील तर साडेसात किलोंहून जास्त परत. हे सगळे वेगवेगळ्या शहरांतले, वेगवेगळ्या आहारपद्धती पाळलेले लोक होते. इतक्या सगळ्यांचा निर्धार एकाच वेगाने ढासळतो, हे मनाला पटत नाही. मग कारण दुसरीकडे शोधायला हवं.

शरीर वजनाची नोंद ठेवतं

१९९४ साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना लेप्टिन सापडलं आणि चरबीकडे पाहण्याची दृष्टीच बदलली. तोवर चरबी म्हणजे नुसतं साठवणीचं कोठार असं मानलं जाई. लेप्टिन हे चरबीच्याच पेशींनी तयार केलेलं संप्रेरक, म्हणजे हार्मोन आहे. ते रक्तातून मेंदूतल्या हायपोथॅलॅमस या भागापर्यंत जातं आणि साठा किती आहे याचा निरोप पोचवतं. साठा भरपूर असेल तर लेप्टिन जास्त. चरबी घटली की लेप्टिनही घटतं, आणि मेंदूला निरोप जातो की कोठार रिकामं होतंय. मेंदूला हे माहीत नसतं की तुम्ही हे ठरवून केलं आहे, डॉक्टरांनी सांगितलं म्हणून केलं आहे. त्याच्या दृष्टीने दुष्काळ पडला. आपल्याकडे १९७२ च्या दुष्काळात सुकडी खाऊन दिवस काढलेली माणसं अजून घराघरांत आहेत. माणसाच्या शरीराने असे दुष्काळ हजारो पिढ्या पाहिले आहेत, आणि त्यात तगून राहण्याची तयारी त्याने करून ठेवली आहे.

लेप्टिनच्या उलट काम करणारं घ्रेलिन १९९९ साली जपानी शास्त्रज्ञांनी शोधलं. ते मुख्यतः जठरात तयार होतं, जेवणाआधी वाढतं आणि भूक लावतं. शिवाय आतड्यातून निघणारी काही संप्रेरकं ‘आता पुरे’ असं सांगतात. वजन उतरलं की घ्रेलिन वाढतं आणि ‘पुरे’ म्हणणारी संप्रेरकं मंदावतात. म्हणजे दोन्ही बाजूंनी एकच हुकूम येतो: खा.

हा हुकूम किती दिवस चालतो? हे पाहण्यासाठी मेलबर्नच्या संशोधकांनी ५० जणांना दहा आठवडे अगदी कमी उष्मांकांचा आहार दिला. सरासरी साडेतेरा किलो वजन उतरलं. नंतर वर्षभर त्यांची संप्रेरकं मोजत राहिले. २०११ साली छापून आलेला निष्कर्ष मला अजून पटकन पचत नाही: वर्ष उलटून गेल्यावरही, थोडं वजन परत आल्यावरही, घ्रेलिन चढलेलं, लेप्टिन उतरलेलं आणि भूक आधीपेक्षा जास्तच होती. ‘दोन महिने कळ काढ, मग शरीराला सवय होईल’ असं आपण एकमेकांना सांगतो, त्याला या आकड्यांत आधार सापडत नाही.

भुकेचा हा जोर माणसाचं काय करतो, याचा जुना पुरावा मिनेसोटा विद्यापीठातला आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटाकडे, नोव्हेंबर १९४४ मध्ये, ॲन्सेल कीज या शास्त्रज्ञाने ३६ तरुणांवर प्रयोग सुरू केला. नैतिक कारणांनी शस्त्र हाती घ्यायला नकार दिलेले हे तरुण होते आणि युरोपातल्या उपाशी जनतेला पुन्हा कसं जेवू घालायचं हे कळावं म्हणून स्वतःहून पुढे आले होते. सहा महिने त्यांना दिवसाला साधारण १५७० किलोकॅलरी मिळाल्या. हा आकडा लक्षात ठेवा, कारण आजचे कितीतरी ‘डाएट चार्ट’ याहूनही कमी असतात. त्या तरुणांचं वजन सुमारे पाव हिश्शाने घटलं. ताटल्या चाटून पुसणं, दिवसभर जेवणाचंच बोलणं, पाककृतींची पुस्तकं वाचत बसणं, हे त्यांचं जगणं झालं. बंधनं उठल्यावर काही जण पोट तट्ट भरेपर्यंत जेवत, तरी भूक सरल्यासारखी वाटत नसे. आधी परत आली ती चरबी, आणि ती पूर्वीच्या पातळीपेक्षाही पुढे गेली. स्नायू मागून सावकाश भरले. स्नायू पुरते भरून येईपर्यंत शरीर भूक थांबू देत नाही, असा अर्थ नंतरच्या अभ्यासकांनी याच आकड्यांतून लावला. हे तरुण मुळात लठ्ठ नव्हते, त्यामुळे त्यांची गोष्ट जशीच्या तशी आपल्याला लागू होणार नाही. पण झटपट वजन उतरवताना स्नायू गमावू नयेत हे ज्याला कळायला हवं, त्याने हा प्रयोग जरूर समजून घ्यावा.

खर्चही आखडतो

भूक ही जमेची बाजू झाली. खर्चाच्या बाजूलाही शरीर हात आखडता घेतं. वजन कमी झालेलं शरीर लहान असतं, त्याला कमी इंधन लागतं, एवढं तर उघड आहे. ८२ किलोची व्यक्ती जिना चढते तेव्हा ६८ किलोच्या व्यक्तीपेक्षा १४ किलोचं ओझं जास्त उचलते. ते ओझं गेलं की तो खर्चही गेला. पण न्यूयॉर्कमध्येच रूडोल्फ लीबेल आणि सहकाऱ्यांनी १९९५ साली दाखवलं की दहा टक्के वजन उतरवलेल्या माणसांचा खर्च नव्या आकारावरून अपेक्षित असतो त्याहूनही कमी होतो. स्नायू तेच काम कमी इंधनात करायला शिकतात. गाडीच्या बाबतीत आपण याला चांगलं ॲव्हरेज म्हणतो आणि खूश होतो. वजन राखणाऱ्यासाठी हीच अडचण ठरते.

याचं गाजलेलं उदाहरण ‘द बिगेस्ट लूझर’ या अमेरिकी टीव्ही स्पर्धेतलं आहे. त्यातल्या १४ स्पर्धकांना केव्हिन हॉल या संशोधकाच्या गटाने सहा वर्षांनी पुन्हा तपासलं. स्पर्धेत त्यांनी सरासरी ५८ किलो उतरवले होते, त्यातले ४१ परत आले होते. आणि स्वस्थ बसून असताना त्यांचं शरीर अपेक्षेपेक्षा दिवसाला सुमारे ५०० किलोकॅलरी कमी जाळत होतं, सहा वर्षांनंतरही. मात्र या एका अभ्यासावरून घाबरून जाऊ नये. ते लोक काही महिने दिवसाचे तासन्‌तास व्यायाम करत होते. सावकाश वजन उतरवून काही आठवडे स्थिर राहिलेल्या लोकांमध्ये हा जादाचा फरक बराच लहान, काही ठिकाणी ५० किलोकॅलरींच्या आसपासच आढळला आहे. ‘माझं मेटाबॉलिझम कायमचं बिघडलं’ असं म्हणून हात टेकण्याची गरज नाही.

मग जास्त जड काय, मंदावलेला खर्च की वाढलेली भूक? याचं उत्तर हॉल यांनी मोठ्या हुशारीने काढलं. मधुमेहावरचं एक औषध रक्तातली साखर लघवीवाटे बाहेर टाकतं. दिवसाला साधारण ३६० किलोकॅलरी अशा निघून जातात आणि त्या माणसाला ते जाणवतही नाही. असं औषध वर्षभर घेतलेल्यांचं वजन उतरलं, पण हिशोबाप्रमाणे उतरायला हवं होतं तेवढं नाही. म्हणजे ते नकळत जास्त खाऊ लागले होते. त्या फरकावरून गणित मांडलं तर असं दिसलं: उतरलेल्या दर किलोमागे शरीराचा खर्च दिवसाला २० ते ३० किलोकॅलरींनी घटतो, आणि भूक मात्र दर किलोमागे सुमारे १०० किलोकॅलरींनी वाढते. त्या लोकांचं वजन थोडंच उतरलं होतं, म्हणून भुकेचा हा आकडा पंधरा-वीस किलोंना गुणून मांडू नये. पण भुकेचा रेटा खर्चातल्या घटीच्या तिप्पट-चौपट आहे, हे त्यातून कळतं. कोणाला हाव सुटली नव्हती, कोणी डाएट मोडलं नव्हतं. भूक वाढली आणि घास वाढले, इतकंच.

चरबीच्या पेशींचंही थोडक्यात सांगतो. स्वीडनच्या संशोधकांनी २००८ साली दाखवलं की मोठ्या माणसात या पेशींची संख्या जवळपास ठरलेली असते. वजन उतरलं की पेशी आक्रसतात, कमी होत नाहीत. धान्य संपलं तरी पोती कोठारातच राहावीत, तसं. २०२४ मध्ये झुरिकच्या शास्त्रज्ञांनी याला जोड दिली: एकदा लठ्ठ झालेल्या उंदरांच्या चरबीपेशींत त्या लठ्ठपणाच्या खुणा वजन उतरल्यावरही राहतात, आणि पुन्हा चमचमीत खाणं मिळालं की असे उंदीर लवकर लठ्ठ होतात.

आता ताईचा हिशोब करू. १४ किलो उतरले, दर किलोमागे २० ते ३० म्हणजे दिवसाचा खर्च २८० ते ४२० किलोकॅलरींनी घटला. एक मध्यम पोळी ९० किलोकॅलरींची धरली तर ६८ किलोवर राहण्यासाठी तिने ८२ किलोच्या दिवसांपेक्षा रोज तीन ते साडेचार पोळ्यांइतकं कमी खायला हवं, तेही भूक वाढलेली असताना, आणि कायम. ‘टार्गेट गाठलं, आता पूर्वीसारखं नॉर्मल खाऊ’ यातलं पूर्वीचं नॉर्मल ८२ किलोच्या शरीराचं होतं.

आणखी एक गोष्ट आकड्यांत बसत नाही, पण ताईने ती बोलून दाखवली. वजन उतरत असताना दर आठवड्याला काटा काहीतरी देतो. ब्लाउज सैल होतो, शेजारणी विचारतात, फोटो चांगले येतात. राखण्याच्या काळात काटा आहे तिथेच राहणं हेच यश असतं, आणि त्याबद्दल कोणी अभिनंदन करत नाही. ‘अगं आता झालं ना कमी, घे की एक पुरणपोळी’ हा आग्रह मात्र सुरू होतो.

ज्यांनी राखलं, ते काय करतात

अमेरिकेत १९९४ साली रीना विंग आणि जेम्स हिल या दोन संशोधकांनी एक नोंदवही सुरू केली. अट अशी: किमान साडेतेरा किलो वजन उतरवलेलं आणि ते किमान वर्षभर राखलेलं असावं. दहा हजारांहून जास्त लोकांनी त्यात नाव घातलं. वजन कसं उतरवलं याची उत्तरं नाना तऱ्हांची आली. राखण्याच्या पद्धती मात्र पुष्कळ मिळत्याजुळत्या निघाल्या. दहातले नऊ जण रोज सरासरी तासभर व्यायाम करतात आणि त्यात सर्वांत जास्त चालणं. चारातले तीन जण आठवड्यातून निदान एकदा वजन करतात. बहुतेक जण सकाळी खातात. टीव्ही कमी बघतात. ही यशस्वी लोकांनीच स्वतःहून दिलेली माहिती आहे, त्यामुळे ‘अमुक केलं की वजन राहतंच’ असा तिचा अर्थ नाही. तरी त्यातलं एक निरीक्षण मला फार दिलासा देतं: वजन दोन ते पाच वर्षं राखता आलं की पुढे राखलं जाण्याची शक्यता बरीच वाढते. म्हणजे चढण आहे, पण सगळी वाट सारखी उभी नाही.

वजन काट्यावर पाहत राहण्याबद्दल नीट चाचणीही झाली. विंग यांनीच ३१४ लोकांना घेऊन ती केली. वजन नुकतंच उतरवलेल्या या लोकांपैकी एका गटाला नुसती पत्रकं पाठवली, बाकीच्यांना रंगांचा नियम शिकवला. ठरलेल्या वजनापेक्षा १.४ किलोच्या आत असाल तर हिरवा: शाबास, चालू द्या. १.४ ते २.३ किलो वाढलं तर पिवळा: खाणं-चालणं थोडं आवळा. २.३ किंवा जास्त वाढलं तर लाल: वजन उतरवण्याची पूर्ण पद्धत पुन्हा सुरू करा आणि मदत मागा. दीड वर्षाने पाहिलं तर ज्यांना नुसती पत्रकं पाठवली त्यांच्यातल्या ७२ टक्के लोकांचं वजन २.३ किलो किंवा अधिक वाढलं होतं. जे गटाला प्रत्यक्ष भेटत राहिले त्यांच्यात हे प्रमाण ४६ टक्के. पूर्ण यश नव्हे, पण फरक मोठा आहे. आणि गटाला भेटणं हा त्यातला महत्त्वाचा भाग होता हे विसरू नका. आपल्याकडे सकाळी मैदानावर किंवा टेकडीवर जमणारी मंडळी हे काम सहज करू शकतात.

दोन किलोंवरच का थांबायचं? कारण दोन किलो दोन महिन्यांत परत फिरवता येतात. अकरा किलोंची वाढ समोर आली की माणूस खचतो आणि काट्यावर उभं राहायचंच सोडतो. ताईने ७१ ते ७९ या प्रवासात एकदाही वजन केलं नव्हतं. काट्याची तिला लाज वाटत होती.

वजन करताना एक लक्षात घ्या. एका दिवसात दीड-दोन किलोंचा चढउतार पाण्यामुळेही होतो. लग्नाच्या पंगतीतलं मीठ, पाळीच्या आधीचे दिवस, बरेच दिवस भात-पोळी कमी करून मग एकदम भरपूर खाणं, या सगळ्यांनी शरीरात पाणी धरलं जातं. म्हणून एकाच वारी, सकाळी उठल्यावर, काही खाण्याआधी वजन करावं आणि दोन-तीन आठवड्यांचा कल पाहावा. पूर्वी खाण्याशी संबंधित मानसिक आजार झाला असेल त्यांनी मात्र हा उपाय डॉक्टरांशी बोलल्याशिवाय करू नये.

चालणं, आणि जरा वजनं उचलणं

वजन उतरवायला व्यायामाचा उपयोग लोकांना वाटतो तेवढा होत नाही. अर्धा तास चालून जेवढं जळतं ते एका वडापावात भरून निघतं. पण वजन राखायला व्यायामाचा मोठा उपयोग होतो, हे मात्र फारसं सांगितलं जात नाही. कोपनहेगनमध्ये १९५ लठ्ठ व्यक्तींनी आठ आठवड्यांच्या कडक आहाराने सरासरी १३ किलो उतरवले. मग त्यांचे चार गट केले: एका गटाला नुसतं खोटं औषध (दिसायला औषधासारखं, पण परिणाम नसलेलं), एकाला भूक कमी करणारं लिराग्लुटाइड, एकाला व्यायाम, एकाला औषध आणि व्यायाम दोन्ही. वर्षाअखेरीस खोट्या औषधाच्या गटाचं निम्म्याच्या आसपास वजन परत आलं होतं. दोन्ही मिळालेला गट सर्वांत पुढे राहिला. त्याहून महत्त्वाचं पुढच्या वर्षी दिसलं. उपचार थांबल्यावर नुसतं औषध घेतलेल्यांचं वजन झपाट्याने वाढलं, पण औषधासोबत व्यायाम केलेल्यांचं बरंच टिकलं.

राखण्यासाठी अमेरिकी क्रीडावैद्यक संस्थेने २००९ साली सांगितलेलं प्रमाण आठवड्याला २०० ते ३०० मिनिटं असं आहे. म्हणजे रोज ४० मिनिटं धरा. त्यातले दोन दिवस स्नायूंना ताण देणारं काही हवं: जोर-बैठका, डंबेल्स, पाण्याने भरलेल्या बाटल्या, खुर्चीवरून हात न टेकता पंधरा वेळा उठणं. वजन उतरतं तेव्हा त्यातला साधारण पाव भाग चरबी सोडून इतर ऊतींचा, त्यात स्नायूंचाही असतो. तो वाचवायचा तर स्नायूंना काम द्यावं लागतं आणि पोटात प्रथिनं जावी लागतात.

प्रथिनांचं सांगायचं तर युरोपातल्या आठ देशांत झालेल्या ‘डायोजेनीस’ या अभ्यासात वजन उतरवलेल्या ७७३ जणांना पाच प्रकारचे आहार दिले. प्रथिनं थोडी जास्त आणि साखर रक्तात सावकाश चढवणारं धान्य, या जोडीने वजन सर्वांत चांगलं राखलं. आपल्या ताटात हे अवघड नाही, पण आपोआप होत नाही. तीन पोळ्या, भात, बटाट्याची भाजी आणि पातळ वरण या जेवणात जवळपास सगळं पीठ आणि स्टार्चच. त्याच ताटात एक पोळी कमी करून मोड आलेल्या मटकीची घट्ट उसळ वाटीभर, नाहीतर पिठलं, दोन अंडी, बांगडा किंवा सुरमईचा तुकडा, आणि शेवटी ताक आलं की पोट जास्त वेळ भरलेलं राहतं. उपासाच्या दिवशी साबुदाणा खिचडीऐवजी भगर आणि दही केलं तरी तेवढा फरक पडतो. भूक वाढलेली आहे हे गृहीत धरून ताट मांडायचं आहे. भुकेशी रोज कुस्ती खेळून कोणी पाच वर्षं जिंकत नाही.

तेलाचं गणित घरी एकदा कराच. चार माणसांच्या घरात महिन्याला पाच लिटर तेल संपत असेल तर माणशी रोज सुमारे ३८ ग्रॅम, म्हणजे जवळपास ३४० किलोकॅलरी. तेच तीन लिटरवर आलं तर माणशी रोज सुमारे १३५ किलोकॅलरी कमी होतात, आणि कोणालाही ताटात काही कमी झाल्यासारखं वाटत नाही. ही कपात एकट्या वजन राखणाऱ्याने करायची नाही, सगळ्या घराने करायची. ‘तिचं वेगळं जेवण’ असलेल्या घरात वेगळं जेवण फार दिवस टिकत नाही. झोपेचंही तसंच आहे. रात्री चार-पाच तासच झोप मिळाली की दुसऱ्या दिवशी घ्रेलिन वाढतं आणि गोड-तळकट खावंसं वाटतं.

किती वजन पुरे?

बहुतेकांच्या मनात लग्नातलं किंवा कॉलेजातलं वजन असतं. ते गाठायला जावं तितका शरीराचा विरोध वाढतो. प्रकृतीला फायदा त्याच्या कितीतरी आधी सुरू होतो. अमेरिकेतल्या मधुमेह-प्रतिबंधाच्या मोठ्या चाचणीत लोकांनी साधारण सात टक्के वजन उतरवलं आणि आठवड्याला १५० मिनिटं हालचाल केली, तर तीनेक वर्षांत मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. दहा वर्षांनी त्यांचं बरंचसं वजन परत आलं होतं, तरी मधुमेहाचं प्रमाण ३४ टक्क्यांनी कमीच होतं. चेन्नईच्या डॉ. रामचंद्रन यांच्या चाचणीत तर वजनात फारसा फरक न पडता, चालण्याने आणि आहाराच्या बदलाने मधुमेहाचा धोका २८ टक्क्यांहून जास्त घटला. काटा परत चढला म्हणून मधली वर्षं वाया गेली असं समजू नये, ते यासाठी.

आपल्या लोकांसाठी वजनापेक्षा पोटाचा घेर जास्त बोलका असतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे डॉ. जॉन युडकिन यांचा जोडीने काढलेला फोटो २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा) सारखाच, २२.३. पण शरीरातली चरबी युडकिन यांच्यात ९.१ टक्के तर याज्ञिक यांच्यात २१.२. हातपाय बारीक आणि चरबी आत पोटात, ही आपली ठेवण. म्हणून भारतीयांसाठी २३ बीएमआयच्या पुढे जादा वजन आणि २५ च्या पुढे लठ्ठपणा धरतात, आणि कंबर पुरुषांची ९० सेंटिमीटर, बायकांची ८० सेंटिमीटरच्या आत असावी असं सांगतात. काटा हलत नसेल तेव्हा टेप काढून बघा.

नव्या इंजेक्शनांबद्दल बोलायलाच हवं, कारण २०२५ मध्ये मार्चमध्ये मौंजारो आणि जूनमध्ये वेगोवी भारतात आलं आणि लोक विचारू लागले आहेत. ही औषधं भूक खरोखर शमवतात, म्हणजे वर सांगितलेल्या त्या रेट्यावरच काम करतात. पण ६८ आठवडे सेमाग्लुटाइड (वेगोवीतलं औषध) घेऊन १७ टक्के वजन उतरवलेल्या लोकांनी ते थांबवलं, तेव्हा वर्षभरात उतरलेल्या वजनाचा दोन तृतीयांश भाग परत आला. रक्तदाबाची गोळी बंद केल्यावर रक्तदाब पुन्हा वाढावा तसंच हे आहे. म्हणून ‘लग्नापुरतं चार महिने घेते’ हा विचार करणाऱ्यांनी डॉक्टरांना आधी एकच प्रश्न विचारावा: थांबवल्यानंतरच्या वर्षाचं काय? खर्च, दुष्परिणाम आणि स्नायूंची काळजी यांचं उत्तर त्यातच येईल. आणि वजन काही कारण नसताना वेगाने वाढत असेल तर थायरॉइड तपासा; स्टेरॉइड, इन्सुलिन, काही मानसोपचाराची औषधं यांनीही वजन वाढतं, ती मनाने बंद न करता डॉक्टरांना सांगा.

ताईने गेल्या वर्षी पुन्हा सुरुवात केली. यावेळी ७९ वरून ७३ वर आल्यावर ती मुद्दाम थांबली. ६८ चा आग्रह सोडला. दर शनिवारी सकाळी ती वहीत वजन लिहिते, ७४.४ च्या पुढे पिवळं, ७५.३ ला लाल, असं पहिल्या पानावर लिहिलेलं आहे. गौरी-गणपतीनंतरच्या शनिवारी वहीत ७४.८ पडले. तिने मला फोन केला, पण आवाजात लाज नव्हती. संध्याकाळचा चहा बिनसाखरेचा केला, रात्रीचा भात तीन आठवडे थांबवला, टेकडीच्या दोन फेऱ्यांच्या तीन केल्या. परवाच्या शनिवारी ७३.५ होते.